टाकीची दुसरी नोकरी
(घरगुती बॉयलरसाठी जुन्या टाक्या: प्रस्तावना)

लाकडाची आग आणि घराची गरज यांचे वेळापत्रक कधीच जुळत नाही. ओंडक्यांनी भरलेली भट्टी दोन-तीन तासांत आपले काम उरकून मोकळी होते; घराला मात्र ऊब चोवीस तास हवी, आणि तीही बेताबेताने. बाहेर पारा शून्याखाली पंधरावर उतरलेला असतो त्या पहाटे ती सर्वांत जास्त हवी, आणि नेमका त्याच वेळी भट्टीत लाकूड टाकणारा माणूस गाढ झोपलेला असतो. यावर दोनच उपाय आहेत. एक, आगीची हवा कोंडून तिला रात्रभर धुमसत ठेवायचे. दुसरा, तिला भरपूर हवा देऊन मोकळेपणाने जळू द्यायचे आणि तिची उष्णता पाण्यात साठवायची. हे पुस्तक दुसऱ्या उपायाबद्दल आहे. त्यातही ते पाणी भंगारात निघालेल्या जुन्या टाकीत कसे साठवावे, आणि कोणत्या टाकीत मुळीच साठवू नये, याबद्दल.

विषयाची भूमी न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेचा ईशान्य कोपरा. मेन, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर ही तिथली जंगलांची राज्ये. जुन्या घराला तळघर असते, तळघरात बॉयलर असतो, आणि बॉयलरमधले गरम पाणी छोट्या पंपाने खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांमधून फिरून, निवून परत येते. बॉयलर म्हटले की मराठी वाचकाला साखर कारखान्यातली वाफ आठवते. या पुस्तकातल्या यंत्रणेत वाफेला जागा नाही. पाणी उकळू द्यायचेच नाही, हा तिचा पहिला नियम. मूळ तत्त्व मात्र आपल्या ओळखीचे आहे. तांब्याच्या बंबात मधोमध विस्तवाची नळी आणि भोवती पाणी, तशीच ही रचना. बंबातले पाणी अंघोळीला निघून जाते. इथे तेच पाणी वर्षानुवर्षे बंद नळ्यांतून फिरते आणि फक्त उष्णता वाहून नेते. आणि बंबात बादली-दोन बादल्या पाणी मावते, तर इथे हिशेब दोन हजार लिटरचा आहे.

या कल्पनेला तिथे जोर आला तो तेलामुळे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत पिंपामागे तीन डॉलरांच्या आसपास असलेला भाव बाराच्या घरात गेला. मेन हे घरगुती उबेसाठी तेलावर सर्वाधिक विसंबलेले राज्य. आजही तो क्रमांक त्याचाच आहे. लोक पुन्हा सरपणाकडे वळले, पण हवाबंद शेगड्या रात्रभर धुमसत ठेवण्याची सवय महागात पडली. अर्धवट जळालेल्या लाकडाचा डांबरासारखा चिकट थर धुराड्यात साचतो आणि एखाद्या रात्री तोच पेट घेतो. ओरोनो येथील मेन विद्यापीठातले यांत्रिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड हिल यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगळी वाट धरली. उष्णता टिकवून धरणाऱ्या विटांसारख्या पदार्थाच्या कोठडीत लाकूड झपाट्याने, अतिशय प्रखर आगीत जाळायचे आणि निघालेली सारी उष्णता पाण्याच्या मोठ्या टाकीत भरून ठेवायची. आग एक तर पूर्ण पेटलेली, नाही तर विझलेली. मधली धुमसती अवस्थाच नको. आजचे लाकूड-वायू जाळणारे बॉयलर हाच विचार पुढे नेतात. वरच्या कोठीत लाकडातून वायू निघतो, खाली सिरॅमिकच्या कोठडीत तो हजार अंशांच्या आसपास जळतो, आणि धुराड्यातून जवळपास अदृश्य धूर बाहेर पडतो.

युरोपात ही गोष्ट आवडीनिवडीवर सोडलेली नाही. जर्मनीने २०१० मध्ये लागू केलेल्या नियमानुसार हाताने लाकूड भरायच्या नव्या बॉयलरला दर किलोवॉटमागे किमान ५५ लिटर पाण्याचा साठा लागतो. शक्य तिथे लाकूड भरायच्या कोठीच्या दर लिटरमागे १२ लिटर ठेवावे, अशीही अपेक्षा आहे.

५५ लिटरांचा हा आकडा कुठून येतो ते पाहू, कारण पुढची सगळी प्रकरणे याच हिशेबावर उभी आहेत. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. म्हणजे दोन हजार लिटर पाणी ४० अंशांवरून ८० वर नेले, तर त्यात सुमारे ९३ किलोवॉट-तास, आपल्या वीजबिलाच्या भाषेत ९३ युनिट उष्णता मावते. आता एक घर धरा. कडक थंडीत त्याच्या भिंती, खिडक्या आणि छत मिळून ताशी ८ युनिट उष्णता बाहेर घालवतात. चांगल्या वाळलेल्या ३० किलो लाकडात सुमारे १२० युनिट असतात. बॉयलर त्यातली ८० टक्के पाण्याला देतो, म्हणजे ९६. ही भरणी तीन तासांत जळते. त्या तीन तासांत घर २४ युनिट घेते, उरलेली ७२ टाकीत जातात आणि आग विझल्यावर नऊ तास पुरतात. बारा तासांतून एकदा भट्टी भरली की काम झाले. तीन तासांत ९६ युनिट देणारा बॉयलर ३२ किलोवॉटचा. त्याला जर्मन नियमाने १७६० लिटर पाणी हवे. दोन वेगवेगळ्या वाटांनी आपण जवळपास एकाच टाकीपाशी येतो.

या हिशेबातला एक धागा नजरेतून सुटू नये. टाकी किती मोठी यापेक्षा तिच्यातले पाणी किती थंड होईपर्यंत उपयोगी पडते, हे महत्त्वाचे. जमिनीखाली नळ्या घातलेल्या घराला ३५-४० अंशांचे पाणी पुरते, त्यामुळे टाकी जवळजवळ शेवटपर्यंत उपसता येते. भिंतीच्या तळाशी पातळ पत्र्यांचे रेडिएटर असलेल्या घरात पाणी ६० अंशांखाली गेले की खोली गारठते. तिथे तीच टाकी निम्म्याच क्षमतेची ठरते. पुरेशा आकाराचे जुने बिडाचे रेडिएटर या दोन्हींच्या मध्ये बसतात.

अडचण येते ती किमतीत. दाबाला टिकणारी दोन हजार लिटरची नवी टाकी महाग पडते, आणि बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो. मग नजर वळते ती गोठ्यामागे, भंगारवाल्याच्या आवारात, शेजाऱ्याच्या अंगणात पडलेल्या लोखंडाकडे. काटकसर करणाऱ्याला ही सोय आकर्षक वाटणे साहजिक आहे, आणि योग्य टाकी मिळाली तर ती खरोखरच मोठी बचत आहे. पण योग्य म्हणजे काय? या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: जुन्या टाकीला दुसरी नोकरी द्यावी ती पहिलीपेक्षा हलकी. जी टाकी आयुष्यभर मोठा दाब सोसत आली तिला थोडा दाब जड नाही. जिने कधी दाब पाहिलाच नाही तिच्यावर थोडासाही दाब घालणे हा अपराध आहे. म्हणून टाकी दिसली की तीन प्रश्न विचारायचे. हिच्यात काय साठवले होते? ही किती दाबाला आणि किती तापमानाला बांधली होती? आणि हिला काढून का टाकले?

या कसोटीवर पहिला क्रमांक लागतो प्रोपेन गॅसच्या टाकीचा. गावाकडच्या अमेरिकन घरांच्या अंगणात पांढऱ्या, आडव्या, गोल टोकांच्या दिसतात त्या या टाक्या. ५०० गॅलनची, म्हणजे सुमारे १९०० लिटरची टाकी आपल्या हिशेबात नेमकी बसते. ती २५० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबासाठी घडवलेली असते, तर घरातल्या बंद गरम पाण्याच्या यंत्रणेत दाब १२ ते ३० पीएसआयच्या दरम्यान राहतो. ही झाली खरी हलकी नोकरी. पण तिची पूर्वकथा नीट हाताळावी लागते. रिकामी म्हणून विकलेल्या टाकीतही गॅस उरलेला असतो. तिला ग्राइंडर किंवा वेल्डिंगची ज्योत लावणे म्हणजे मृत्यूला बोलावणे. गॅस काढणे आणि टाकी पाण्याने काठोकाठ भरून आतली सारी हवा व वाफ हाकलणे हे काम जाणकाराचे, आणि दाबाच्या भांड्यावर वेल्डिंग करणे हे परवानाधारक वेल्डरचे. आत चिकटलेला उग्र वास गॅसला मुद्दाम दिलेला असतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्ससमधल्या न्यू लंडन गावची शाळा वास नसलेल्या नैसर्गिक वायूच्या गळतीने उडाली आणि सुमारे तीनशे जीव गेले. त्यानंतर गॅसला वास देण्याची सक्ती होत गेली. तो वास धुऊन काढल्याखेरीज टाकी घरात आणू नये, नाही तर एखाद्या दिवशी खरी गळती झाली तरी ती कुणाला कळणार नाही.

दोन व्यवहारी गोष्टीही आहेत. पहिली मालकीची: अंगणातली टाकी बहुधा घरमालकाची नसून गॅस पुरवणाऱ्याची, भाड्याने दिलेली असते, तेव्हा विकणाऱ्याकडे कागद मागावा. दुसरी मापाची: या टाकीचा व्यास ९५ सेंटीमीटरच्या आसपास, लांबी तीन मीटर, वजन सव्वाचारशे किलोंच्या वर, आणि अमेरिकेतला नेहमीचा बाहेरचा दरवाजा ९१ सेंटीमीटरचा. अंगणापर्यंत हौसेने आणलेली टाकी दारातच अडकून बसते. आत गेली तरी भरल्यावर तिचे वजन सव्वादोन टनांच्या वर जाते, म्हणून तिची जागा काँक्रीटच्या जमिनीवर. लाकडी तक्तपोशीवर कधीच नाही.

दुसरा प्रकार म्हणजे विजेच्या किंवा गॅसच्या गिझरच्या उभ्या टाक्या, दीडशे ते तीनशे लिटरच्या. याही सामान्यतः १५० पीएसआयला बांधलेल्या. इथे तिसरा प्रश्न निर्णायक ठरतो. पोलादाच्या आतून काचेचा थर दिलेला असतो आणि आत मॅग्नेशियमची किंवा ॲल्युमिनियमची कांडी टांगलेली असते. पाणी लोखंडाऐवजी आधी तिला खाते. कांडी संपली की टाकीची पाळी. विजेची कॉइल जळाली म्हणून काढलेली टाकी बरीच वर्षे चालते. गळते म्हणून काढलेली टाकी फक्त वजनावर विकायची. सुस्थितीतल्या अशा टाकीला अमेरिकेत जुनी परंपराही आहे. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवून सूर्यावर पाणी तापवण्याचे पेटंट घेतले, आणि १९७० च्या दशकात न्यू मेक्सिकोतल्या स्टीव्ह बेअर यांनी तीच युक्ती हौशी लोकांच्या आवाक्यात आणली. मग उघड्या केलेल्या जुन्या गिझर-टाक्या अनेक अंगणांत उन्हाला लागल्या. उष्णता साठवण्यासाठी अशा दहा टाक्या जोडाव्यात असे काहींना वाटते. पण दहा लहान टाक्यांचा पृष्ठभाग एका मोठ्या टाकीच्या दुपटीहून जास्त भरतो, म्हणजे उष्णता दुपटीने निसटते. शिवाय प्रत्येक जोड ही गळतीची एक शक्यता. दोन-तीन टाक्यांपुढे जाऊ नये.

तिसरा प्रकार व्हरमाँटचा खास. तिथले छोटे दूध उत्पादक धंदा गुंडाळत गेले आणि त्यांच्या स्टेनलेस स्टीलच्या, दुहेरी भिंतीच्या दूध-टाक्या विकायला निघाल्या. त्या गंजत नाहीत, त्यांना इन्सुलेशन मुळातच असते. पण त्या दाबाच्या नव्हेत, म्हणून त्या उघड्याच ठेवायच्या: वर घट्ट झाकण, वाफ सुटायला वाट, आणि बॉयलरचे पाणी टाकीतल्या पाण्यात न मिसळता तांब्याच्या कॉइलमधून फिरवायचे. उघड्या टाकीतून पाणी उडते, आणि तिच्यातले प्राणवायू घेतलेले पाणी बॉयलरमध्ये गेले तर बॉयलर गंजतो. कॉइलचा खर्च म्हणजे या स्वस्त टाकीची खरी किंमत.

नकार कोणाला द्यायचा तेही स्पष्ट सांगायला हवे. तळघरातली २७५ गॅलनची तेलाची टाकी दाबासाठी नसते आणि तिचा वास व गाळ पूर्णपणे कधी जात नाही. पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या प्लॅस्टिक टाक्या शेतावर उत्तम, पण साठ अंशांच्या पुढे त्यांचे अंग मऊ पडते. जस्ताचा मुलामा दिलेली टाकीही नको. थंड पाण्यात जस्त लोखंडाला वाचवते, पण साठ अंशांच्या आसपास हे नाते उलटू शकते आणि लोखंडाला खोल खड्डे पडू लागतात. आणि १९८० पूर्वीच्या टाकीवर पांढरा, प्लॅस्टरसारखा थर असेल तर तो ॲस्बेस्टॉस समजून हात लावू नये.

इतकी सावधगिरी कशाला, असे वाटणाऱ्यांसाठी एक तारीख पुरे. २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी ग्रोव्हर बूट कारखान्याचा जुना बॉयलर फुटला, इमारत कोसळली, पेटली आणि ५८ माणसे गेली. त्यातून १९०७ मध्ये त्या राज्याचे बॉयलरविषयक नियम आले, आणि १९१४ मध्ये अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची पहिली बॉयलर-संहिता. आज प्रोपेनच्या टाकीवर जी माहितीची पाटी असते ती त्याच परंपरेतली. पाटी नसलेली टाकी म्हणजे जिचा पहिला दाखला हरवला आहे अशी टाकी, आणि ती दाबाला चालत नाही. बंद भांड्यातले पाणी शंभर अंशांच्या पुढे तापले आणि भांडे फाटले, तर वाफ झालेला प्रत्येक लिटर सोळाशे-सतराशे लिटर जागा मागतो. म्हणून जादा दाब सोडून देणारी सुटका-झडप बॉयलरला सरळ जोडलेली हवी आणि दोघांच्या मध्ये कोणताही कॉक नको. तपासणीचा दाबही पाण्याने द्यावा, हवेने नाही. दाबलेली हवा कमकुवत टाकीचे तुकडे उडवते, पाणी नुसते गळते.

न फुटणाऱ्या टाकीलाही वाढीव पाण्याची सोय लागते. १५ अंशांवरून ८५ वर जाताना १९०० लिटर पाणी सुमारे ६० लिटरने फुगते. ते मावायला हवेची गादी असलेली वेगळी विस्तार-टाकी लागते, आणि दाब ३० पीएसआयच्या आत राहायचा तर ती किमान दीडशे लिटरची हवी. भंगारातून टाकी आणणारे हा खर्च हमखास विसरतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: वीज गेली तर? तेलाचा बॉयलर वीज गेल्यावर विझतो. लाकूड विझत नाही, पंप मात्र थांबतो. जानेवारी १९९८ च्या हिमवादळात बर्फाच्या भाराने तारा आणि खांब कोसळले आणि मेनमधली अनेक घरे दोन आठवड्यांहून अधिक काळ अंधारात होती. म्हणून वीज नसताना आपोआप उघडणारी झडप आणि पाणी स्वतःच्या हलकेपणाने वर चढून फिरेल अशी जाड नळ्यांची वाट, ही या पुस्तकाच्या मते चैन नसून यंत्रणेचा भाग आहे. ती वाट जिथे बसत नाही तिथे टाकीची जागा बदलावी.

नळ्यांच्या प्रकरणात मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे, कारण चांगली टाकी वाईट जोडणीने वाया जाते. गरम पाणी हलके, म्हणून ते वर राहते. टाकीतले पाणी घुसळले नाही तर वर ८० आणि खाली ४० अंश अशी थरांची विभागणी तासन्‌तास टिकते. घराला वरचे पाणी द्यायचे, बॉयलरला खालचे. अरुंद तोंडातून जोराने आलेले पाणी हे थर मोडते आणि मग सगळी टाकी कोमट होऊन बसते, कुणाच्याच कामाची नाही. उभी टाकी यासाठी उत्तम. पण तीन मीटरची टाकी तळघरात उभी राहत नाही, म्हणून आडव्या टाकीत पाणी संथपणे पसरवणारी तोंडे बसवावी लागतात. दुसरीकडे, बॉयलरमध्ये परतणारे पाणी साठ अंशांहून फार थंड असू नये. थंड पत्र्यावर धुरातली वाफ आणि आम्ल साचते आणि बॉयलर आतून कुजतो. त्यासाठी स्वीडनमध्ये विकसित झालेल्या मिश्रण-झडपा मिळतात. त्या मात्र नव्याच घ्याव्यात.

टाकीच्या अंगावर काय घालायचे याचाही हिशेब आहे. उघडी लोखंडी टाकी ८० अंशांवर असताना तळघराला सहा-सात किलोवॉट देऊन टाकते, म्हणजे जवळपास सगळ्या घराची गरज. दहा सेंटीमीटर दगडी लोकर गुंडाळली की हाच तोटा पाव किलोवॉटवर येतो. वीस सेंटीमीटर गुंडाळावी. पाण्याबाबत नियम साधा: एकदा भरले की बदलू नये. नव्या पाण्यातला प्राणवायू थोडे लोखंड खाऊन संपतो, पाणी काळपट होते आणि गंज थांबतो. दरवर्षी ताजे पाणी भरणारा दरवर्षी गंजाला नवे खाद्य देतो. आणि जुन्या टाकीतले पाणी कधीही नळाला जोडू नये. अंघोळीचे आणि पिण्याचे पाणी वेगळ्या कॉइलमधूनच तापवावे. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात ज्या जिवाणूने प्रथम आपली ओळख दिली, त्या लेजिओनेलाला कोमट, साचलेले पाणी आवडते.

पुस्तक कोणासाठी आहे? थंड प्रदेशात राहणाऱ्या, स्वतःचे तळघर आणि थोडे जंगल असलेल्या, हाताने काम करायची आवड असलेल्या मराठी माणसासाठी. आणि इथे महाराष्ट्रात, सोलरच्या काचनळ्या फुटल्या म्हणून पडून असलेल्या टाकीकडे पाहून विचार करणाऱ्यासाठीही, कारण ते तीन प्रश्न तिथेही तेच आहेत. ज्याला वेल्डर, नगरपालिकेचा निरीक्षक आणि घराचा विमा उतरवणारा यांच्याशी आधी बोलण्याचा कंटाळा आहे, त्याने नवी टाकी घ्यावी. कागद, झडपा, विस्तार-टाकी आणि वेल्डरची मजुरी धरूनही जुनी टाकी स्वस्त पडते का, हे प्रत्येकाने स्वतः मांडून पाहावे. पुष्कळदा पडते, नेहमी नाही.

वाचकाला कदाचित आश्चर्य वाटेल की पहिले प्रकरण टाकीबद्दल नाहीच. ते घराची गळती मोजण्याबद्दल आहे. वरच्या उदाहरणातले घर माळ्यावर लोकर घालून आणि खिडक्यांच्या फटी बुजवून ताशी आठऐवजी सहा युनिटांवर आले, तर त्याच नऊ तासांना ७२ नव्हे, ५४ युनिट पुरतात. त्यासाठी लागणारा साठा पंधराशेवरून बाराशे लिटरच्या खाली येतो, आणि बॉयलरही एक माप लहान चालतो. तेव्हा टाकी शोधायला निघण्याआधी हे प्रकरण पुरे करावे. भंगाराच्या आवारात जाताना हातात किमतीच्या अंदाजाआधी लिटरांचा आकडा असावा.